बटणावरचा जोतिबा

स्वानंदीचा खोकला बदलला आहे हे सगळ्यांत आधी अश्लेषाला कळलं. बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये द्राक्षं निवडायला आलेल्या सात-आठ बायका रिकाम्या बसल्या होत्या. त्यांच्याही कानांवर तो पडला, पण त्यांना तो लेकराचा साधा खोकला वाटला. अश्लेषाला तो कुत्र्याच्या पिल्लानं भुंकावं तसा वाटला. तिनं पोरीचं झबलं वर केलं आणि छातीकडे बघत राहिली. श्वास आत घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती आणि घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. घड्याळ लावून तिनं श्वास मोजले. मग पुन्हा मोजले.

बायकांची मुकादमीण शालूबाई म्हणाली, रातच्या गारठ्यानं झालंय, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकू. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अश्लेषाची भीती या घरात फारशी कुणी मनावर घेत नसे, आणि त्याला कारणही तिनंच दिलं होतं. साताऱ्याहून लग्न होऊन सांगलीला आल्यापासून ती जिथंतिथं संकट शोधायची. गॅसची नळी दर रविवारी साबणाच्या पाण्यानं तपासायची. स्वानंदी झाल्यावर तर रात्रीतून चारचारदा उठून पाळण्यापाशी कान लावायची. दीर पुष्कर तिला 'आमच्या घरचं हवामान खातं' म्हणायचा. रोज वादळाचा इशारा, आणि रोज ऊन.

या वेळी तिनं कुणाला विचारलंच नाही. पोरीला शालीत गुंडाळलं आणि गाडी चालवणाऱ्या इमामचाचांना हाक मारली.

"चाचा, गाडी काढा. मिरजेला. मुलांच्या दवाखान्यात."

इमामचाचा बांधावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, हातातली तंबाखू तशीच टाकली आणि उठले.

नव्व्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. तासगावच्या बाजूला द्राक्षाची तोडणी सुरू व्हायची होती. पहिला घड देवाला ठेवायचा म्हणून आदल्या दिवशी घरचे बागेत आले होते. सासूबाई तेवढ्या सांगलीला थांबलेल्या, नवरा सुमंत पुण्याला गेलेला आणि पुष्कर तिथंच होस्टेलवर. आणि रात्री ध्यानीमनी नसताना अवकाळी कोसळला. भरलेले मणी तडकू लागले. सासरे आप्पासो पहाटेच जीप घेऊन औषध आणायला तासगावला गेले. ट्रॅक्टर ओढ्यापलीकडच्या बागेत फवारणीला गेला, तर मागून ओढ्याला पाणी आलं आणि तो पलीकडेच अडकला. फोन गावात, आणि गाव दोन कोसांवर. राहिली ती आप्पासोंची काळी गाडी.

ही गाडी म्हणजे आप्पासोंचं एकुलतं एक वेड. दोन वर्षं द्राक्षं परदेशी पाठवल्यावर त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली जर्मन गाडी घेतली होती. बुटकी, रुंद, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. शर्यतीचा घोडा बैलगाडीला जुंपल्यासारखी ती सांगलीच्या पेठेत रिक्षांच्या मागून चालायची. मुंबईच्या माणसानं तिच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं आणि घरात ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली एकटी अश्लेषा. तिनं फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं, आणि ज्या वस्तूत आपलं मूल बसणार तिची माहिती आपल्याला हवी, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

त्या पुस्तकातलं एक प्रकरण तिला फार आवडलं होतं. मागचं चाक घसरून जागच्या जागी गरगरायला लागलं की गाडी ते स्वतःच ओळखते, इंजिनाचा जोर आवरते, त्या चाकाला ब्रेक लावते. वळणावर गाडीचा मागचा भाग भरकटायला लागला तरी चालवणाऱ्याच्या आधी तीच सावरते. आपल्यासारखंच कुणीतरी त्या पत्र्याच्या आत डोळ्यांत तेल घालून बसलंय, हे वाचून अश्लेषाला बरं वाटलं होतं. पण गिअरच्या दांड्यामागे एक लहान बटण होतं आणि ते दाबलं की ही सगळी राखण बंद पडायची.

दसऱ्याच्या दिवशी, पूजेचा हार अजून बॉनेटवर असताना, पुष्करनं ते दाबलं. कॉलेजच्या मित्रांना दाखवायला त्यानं घरामागच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली, चाकं गरगरवली आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरवली. झेंडूची फुलं उडून सगळीकडे झाली. अश्लेषा स्वानंदीला कडेवर घेऊन गच्चीतून बघत होती. दोन दिवस ती दिराशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून तिनं जोतिबाचं, पोष्टाच्या तिकिटाहून थोडं मोठं, चिकटवायचं चित्र आणलं आणि बरोबर त्या बटणावर लावलं. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून देवाची फरशी बसवतात ना, त्यातलाच प्रकार. तो लागू पडला. कुलदैवतावर अंगठा दाबायची पुष्करची छाती झाली नाही. आप्पासो तर गाडी सुरू करण्याआधी त्या चित्राला हात लावून तो हात कपाळाला लावू लागले.

इमामचाचा दिवाळीनंतर कामाला लागले. तीस वर्षं त्यांनी द्राक्षाचे ट्रक चालवले होते. रोज सकाळी गाडी पुसताना ते त्या चित्राच्या कडेकडेनं फडकं फिरवत. खाली बटण आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाग ते डांबरी रस्ता अडीच मैलांची पाणंद होती. काल येताना तिच्यात नुसती धूळ होती. आता काळ्या मातीचा लोणी फासल्यासारखा चिखल झाला होता. चाचांनी पहिला मैल गाडी कौशल्यानं काढली, कधी गवताच्या पट्ट्यावरून, कधी बांधाला घासून. अश्लेषा पुढेच बसली होती, पोर मांडीवर उभी धरून, कारण आडवी केली की शिट्टी वाढत होती. मग एका सखल जागी गाडी बसली. आवाजसुद्धा झाला नाही, गाय बसावी तशी बसली.

चाचांनी पाय दाबला. इंजिन क्षणभर गुरगुरलं आणि कुणी नरडं दाबावं तसं मवाळ झालं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. त्यांनी मागे घेऊन पाहिली. चाकं अर्धा वळसा फिरली आणि थांबली.

"पेट्रोलात काय तरी हाय," चाचा म्हणाले. "दम धरंना बगा गाडी."

ते खाली उतरले. चाकांच्या खाचा चिखलानं लिंपून गुळगुळीत झाल्या होत्या. आजूबाजूला टाकायला काडी नव्हती. बांधापलीकडे एक धनगर मेंढरं चारत होता, त्याला त्यांनी हाक मारली. तो आला. बिराप्पा त्याचं नाव. काचेतून त्यानं पोरीला बघितलं, पोरीचा आवाज ऐकला आणि काही न विचारता खांद्यावरची घोंगडी काढून मागच्या चाकाखाली घातली. मग दोघांनी मागून जोर लावला. गाडी चालवायला कुणी नव्हतं म्हणून चाचा पुन्हा आत आले आणि बिराप्पा एकटाच रेटत राहिला. चाचांनी पाय दाबला. इंजिन पुन्हा मवाळ झालं.

या घोंगडीचं ऋण पुढं फेडायचं राहूनच गेलं. पंधरा दिवसांनी सुमंत नवी घोंगडी घेऊन त्या पाणंदीत गेला, तर बिराप्पा मेंढरं घेऊन कर्नाटकाकडे निघून गेला होता. ती नवी घोंगडी अजून घरात घडी घालून ठेवलेली आहे आणि दर वर्षी मेंढरं आली की कुणीतरी जाऊन विचारून येतं.

त्या क्षणी मात्र अश्लेषाच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. चालत डांबरी रस्ता दीड मैल. या चिखलात पोर घेऊन पाऊण तास. पुढे एस.टी. कधी येईल याचा भरवसा नाही. स्वानंदीचे ओठ तिनं बोटानं उघडून पाहिले. अजून गुलाबी होते. पण पोर रडायची थांबली होती. सगळी ताकद ती श्वासालाच लावत होती, आणि ही गोष्ट अश्लेषाला रडण्यापेक्षा जास्त भयंकर वाटली.

चाचांनी चौथ्यांदा पाय दाबला. तेव्हा तिला समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लुकलुकताना दिसला. छोटा त्रिकोण. इंजिन मवाळ झालं की तो लुकलुके, पाय काढला की विझे.

पेट्रोलाचं काही नव्हतं. गाडीची राखण चालली होती. चाक घसरतंय हे ओळखून ती इमानेइतबारे जोर आवरत होती. पुस्तकातलं ते वाक्य अश्लेषाला पानाच्या जागेसकट आठवलं, डावीकडे, खालून तिसरं. खोल बर्फात किंवा सैल वाळूत अडकल्यास ही व्यवस्था बंद करावी. वाचताना तिला हसू आलं होतं. तासगाव तालुक्यात बर्फ. पुस्तकात चिखल नव्हता, एवढंच.

"चाचा, चाकं नुसती गरगरली तर निघेल का गाडी?"

"गरगरली तर चिखल झाडून टाकतील की. खाली कठीण हाय, वीतभरच गाळ हाय वर. पण ही फिरू देईना न्हवं."

"ही फिरू देत नाही, कारण तिला तसं सांगितलंय. बंद करायचं बटण आहे." तिनं जोतिबाकडे बोट दाखवलं. "त्याच्या खाली."

चाचांनी चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांचा हात गिअरवरून मांडीवर आला.

"कुणी लावलं?"

"मी."

"मग तुमीच काढा, वैनी," ते म्हणाले. "मला इटाळ न्हाई त्याचा. पण लेकरू असं असताना तुमचा देव माज्या हातानं फाटला, आन उद्या काय बरंवाईट झालं, तर माझं नाव कुणी घेणार न्हाई, आप्पासो भला माणूस हाय. पण तुमच्या मनात ऱ्हाईल. जन्मभर ऱ्हाईल."

ते बरोबर बोलत होते. तिच्या मनात ते आत्ताच आलं होतं. पोरीचा जीव घशाशी आलेला आणि आपण कुलदैवत ओरबाडायला निघालो. तिनं पोर चाचांच्या हातात दिली. चित्राचा कोपरा नखानं उचलायला गेली तर नख वाकलं. पाच महिन्यांच्या उन्हानं डिंक पक्का बसला होता. मागून बिराप्पा विचारत होता काय झालं म्हणून. तिनं दुसऱ्या कोपऱ्यात नख घातलं. देवाला काय सांगावं ते सुचेना, म्हणून जे खरं होतं तेच ती पुटपुटली, की मी तुम्हाला इथं पहाऱ्याला बसवलं ते भीतीपोटी, आता उठवतेय तेही भीतीपोटीच, माझ्याकडे दुसरं काही नाही, समजून घ्या.

चित्र निघालं. घोड्याचा एक पाय आणि थोडं आभाळ बटणावर राहिलं, बाकीचा देव अखंड तिच्या बोटावर आला. ठेवायचा कुठं कळेना, म्हणून तिनं तो स्वतःच्या मनगटावर चिकटवला आणि पोर परत घेतली.

"दाबून धरा. पिवळा दिवा कायमचा लागेपर्यंत."

चाचांनी अंगठा ठेवला. दिवा लागला आणि लागूनच राहिला.

"आता पूर्ण दाबा," अश्लेषा म्हणाली. असं वाक्य आपल्या तोंडून कधी निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

इंजिन जे ओरडलं ते तिनं फक्त दसऱ्याला ऐकलं होतं. मागची चाकं सुटली. चिखलाचे लपके बांधापर्यंत उडाले, बिराप्पा डोक्यापासून पायापर्यंत काळा झाला तरी त्यानं हात काढले नाहीत. चाचा एकदम मोकळे झाले. पुढे, मागे, पुढे, मागे, ते गाडीला पाळण्यासारखे झोके देऊ लागले. गच्चीतून बघताना जे नुसते माकडचाळे दिसले होते त्यांचा उपयोग अश्लेषाला आता, मांडीखालच्या हिसक्यांतून कळत होता. पाचव्या-सहाव्या झोक्याला खाली खडखडाट झाला, घोंगडी कुठंतरी मागे फेकली गेली आणि गाडी झोकांड्या खात, आडवीतिडवी, पाणंदीतून सुटली. बिराप्पानं मागून हात वर केला. तिला आरशात तो दिसला. थांबून आभार मानायला वेळ नव्हता, तिनंही हात वर केला, त्याला दिसला की नाही कोण जाणे.

चाचा थांबले नाहीत. थांबलो तर पुन्हा बसेल, म्हणाले, आणि दीड मैल ते तसेच आडवेतिडवे घसरत गेले. अश्लेषानं डोळे मिटले नाहीत. तिला तेवढंच जमत होतं, आणि पोरीला उभी धरणं.

डांबरी लागली तेव्हा चाचांचा चेहरा उजळला होता. तीस वर्षांच्या ट्रकवाल्याला अशी मोकळी गाडी कधी मिळाली नव्हती. अश्लेषाचा हात बटणाकडे गेला तसे ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी, आत्ता कुठं दम धरलाय तिनं. ईस मिन्टांत मिरज दाखिवतो."

"नाही चाचा. चिखलात तुम्ही म्हणाल तसं. डांबरीवर मी म्हणेन तसं."

तिनं बटण दाबलं. पिवळा दिवा विझला. चाचांच्या मानेवरून त्यांना ते पटलं नव्हतं हे कळत होतं. दहा मिनिटं गेली. कारखान्याकडे वळणाऱ्या फाट्यावर उसाच्या गाड्यांनी शेतातला सगळा चिखल चाकांबरोबर आणून डांबरीवर पसरला होता, त्यात पाचट पडलेलं. ते वळण चाचांना उशिरा दिसलं. गाडीचा मागचा भाग निघाला. अश्लेषानं पोरीचं डोकं छातीशी दाबलं. पिवळा त्रिकोण भराभर लुकलुकला, खालून खरखर आली, एकेका चाकाला कुणीतरी चिमटा काढावा तशी, आणि गाडी सरळ झाली. शेजारून उसाची बैलगाडी शांतपणे निघून गेली. बैलानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चाचांनी एका हातानं कपाळाचा घाम पुसला.

"मी न्हाई केलं हे," ते हळूच म्हणाले.

"माहितीय."

"तुमी बटण दाबलं नसतं तर."

"आणि तुम्ही झोके दिले नसते तर," अश्लेषा म्हणाली. पुढे मिरजेपर्यंत गाडीत फक्त ती बारीक शिट्टी होती, येत आणि जात.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, अश्लेषाच्याच वयाचे. त्यांनी पोरीचा गळा पाहिला आणि तिला दारातूनच आत नेलं. श्वासनळीच्या तोंडाशी सूज होती. इंजेक्शन दिलं, वाफेचा मुखवटा लावला. अश्लेषा विचारत राहिली आणि डॉक्टर फक्त 'बघू' म्हणत राहिले. वीस मिनिटांनी त्यांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं, नळी कानातून काढली आणि नर्सला म्हणाले, "यांना आता पाणी द्या." तेव्हा अश्लेषाला कळलं की धोका गेला. ओव्यानं शेकत बसला नाहीत हे फार बरं केलंत, असंही ते जाताना म्हणाले. स्वानंदी रडली. घोगऱ्या, बसक्या आवाजात, पण दवाखाना दणाणेल इतकी रडली, आणि मुखवटा ओढून काढायला लागली.

आप्पासोंना गावात निरोप गेला. सुमंत पुण्याहून निघाला. पुष्करलाही पुण्याच्या होस्टेलवर फोन लागला. तो घाबरत घाबरत बोलत होता, गाडीचं नाव निघालं तसा चाचरायला लागला. अश्लेषानं त्याला सांगितलं की दसऱ्याला तू जे केलंस ते मूर्खपणाचं होतं, आणि ते मी पाहिलं म्हणून आज मला कळलं की गाडी मोकळी सोडली तर काय करते. तेव्हा तुझे आभार. मग तो म्हणाला, "वहिनी, बरी आहेस ना तू?" आणि ती पहिल्यांदा हसली.

पाच वाजले होते. खिडकीतून तिरपं ऊन खाटेवर आलं होतं. स्वानंदी झोपली होती, गळ्याखालची खळगी आता जागच्या जागी होती. अश्लेषा स्टुलावर बसून श्वास मोजत होती. तीस. एकोणतीस. पुन्हा तीस.

इमामचाचा दारात आले. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, शर्टाला, दाढीलासुद्धा. त्यांच्या हातात चहाचा ग्लास होता. तिला काहीतरी नीट, मोठं बोलायचं होतं. गाडीत असतानाच तिनं मनात वाक्यं जुळवली होती.

"चाचा," ती म्हणाली, "तुमच्यामुळे..."

"चा घ्या आदी. निवंल."

तिनं चहा घेतला. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून पोरीकडे बघत होते.

"किती येतायत?" त्यांनी विचारलं.

"तीस."

"आन किती व्हायला पायजेत?"

"चाळीसच्या आत. आणि खळगी ओढली जाता कामा नये. इथली, ही."

चाचांनी वाकून खळगी बघून घेतली, ट्रकवाला नवीन रस्ता समजून घेतो तशी. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुमी पडा थोडं," ते म्हणाले. "मी मोजतो."

स्वानंदीच्या जन्मापासूनच्या सोळा महिन्यांत असं म्हणणारे पुष्कळ झाले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, सुमंत तर रोज म्हणायचा. प्रत्येक वेळी ती हो म्हणाली होती आणि डोळे मिटून जागीच राहिली होती. आता तिनं शेजारच्या रिकाम्या खाटेवर अंग टाकलं. चाचा तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होते. बारापर्यंत तिनं ते ऐकले.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते आणि सुमंत तिच्या पायाशी बसला होता. त्यानं तोंडावर बोट ठेवून पलीकडे बघ म्हणून खूण केली. स्वानंदी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. इमामचाचा होते तिथेच उभे होते. कपड्यांच्या चिखलानं पांढरी चादर घाण होईल म्हणून दीड तासात खाटेला टेकलेसुद्धा नव्हते. त्यांची नजर पोरीच्या गळ्यावर होती आणि ओठ हलत होते.

सुमंत कुजबुजला, मी आल्यावर म्हटलं त्यांना, आता बसा, मी बघतो. तर म्हणाले, वैनींनी माज्याकडं दिलंय, त्या उठल्या की सोडीन.

अश्लेषा उठून बसली. चाचांनी एक मिनिट पुरं होऊ दिलं, मग तिच्याकडे वळले.

"अठ्ठावीस," ते म्हणाले.